दाद देणारी मोटर

कोणत्याही संस्थेत गुण प्रमाणाबाहेर वाढणे धोक्याचे असते. हे सत्य संगीतास लागू करण्याचा मान १९७३ साली नगरच्या एका महाविद्यालयाने मिळवला.

तेथील हंगामी संगीतशिक्षक यशया चेलो वाजवत. (मिशनच्या मंडळींनी जाताना मागे ठेवलेले हे वाद्य सारंगीच्या खापरपणजोबासारखे दिसते.) स्वतः रचलेली चीज त्यांनी संमेलनात शेवटपर्यंत ऐकवली, तर नोकरी कायम होणार होती.

पदार्थविज्ञानाच्या रंगनाथ सरांनी या कलेस नियंत्रणशास्त्राची जोड दिली. मायक्रोफोन टाळ्या मोजणार. त्या ठरलेल्या पातळीच्या वर गेल्या, की मोटर चेलोची तार सैल करून गुण प्रमाणात आणणार. पातळी म्हणून अध्यक्ष आप्पासाहेबांच्या भाषणाला पडलेल्या टाळ्या घेण्यात आल्या. (टाळ्या कमी पडल्यास काय, हा प्रश्न पुढील वर्षावर ठेवला.) मोटर आप्पासाहेबांच्या उसावरची; विहीर आटल्याने ती विज्ञानास मोकळी होती.

यशयांनी सुरुवात इतकी सुरेख केली, की तिसगावहून आलेल्या त्यांच्या भाऊबंदांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. मोटर घरघरली. सूर उतरला. माणूस अडखळला असे पाहून सभागृह हळहळले, आणि धीर देण्यासाठी सगळ्यांनीच टाळ्या धरल्या. तार आणखी उतरली; अर्थात कळवळाही वाढला.

"वाजव यशया, आमी हाय," मागून कोणी म्हणाले.

यशयांची पत्नी मरिया हिने तालमींना बसून मोटरचे काम पाहिले होते. ती उठून म्हणाली, "टाळ्या थांबवा. तुमच्यामुळंच तार सुटतेय. नुसतं ऐका त्यांना."

आप्पासाहेबांनी तिला समजुतीने सांगितले, "बाई, मानूस अडचणीत असताना हात आखडायची आपल्याकडं रीत न्हाई." आणि ते स्वतः टाळ्या वाजवू लागले.

अध्यक्षांनंतर कोण थांबणार? तार वाळत घातलेल्या सुतळीसारखी लोंबू लागली. यशया तिच्यावर गज फिरवतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून लोक उभे राहिले.

महाविद्यालयाच्या नेमणूक समितीने निष्कर्ष नोंदवला: यंत्र निर्दोष, श्रोते सहृदय, चीज अपुरी. सबब नोकरी हंगामीच ठेवावी. प्रयोग मात्र दरवर्षी व्हावा.

यंदाचा प्रयोग शनिवारी आहे. आपण अवश्य यावे. आपले मन मोठे आहे. यशयांची तार उतरू लागली, की आपल्यालाही राहवणार नाही. मायक्रोफोन आपल्याच खुर्चीखाली बसवला आहे.