बंद खोलीपुढचे रोकडेमामा

आमच्या भोसरीच्या चाळीत ढेकणांनासुद्धा आशीर्वाद मिळायचा. शेजारचे रोकडेमामा एकेक ढेकूण चिमटीत धरून अंगणापलीकडे सोडून यायचे आणि वर त्याला हात जोडायचे, "भवतु सब्ब मंगलं!" त्याचं मंगल व्हायचं ते आमच्या गादीत येऊन. मी भांडायला गेले की मलाही तेच.

निगडीची बस न थांबता गेली, भवतु सब्ब मंगलं. फोरमनने ओव्हरटाइम कापला, भवतु सब्ब मंगलं. कंपनीतली पोरं त्यांना मंगलमामाच म्हणायची. मामा हसायचे. "ताई, राग पोटात ठेवला की आपलंच पोट बिघडतं."

भुताखेतांचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. "थोतांड सगळं! बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच सोडलं."

म्हणून तर मला नवल वाटायचं. आमच्या दोघांच्या मधल्या खोलीला कुलूप होतं. तिथं मामांची लेक सुमन काविळीनं गेली होती. जावई सामान उचलून गावी परतला. पण मामांची फर्स्ट शिफ्ट सुटायच्या सुमाराला त्या कुलपाआड स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. उगीच नाही सांगत, मी स्वतः ऐकलाय. रॉकेलचा वाससुद्धा यायचा, आणि आत साधी काडेपेटी नव्हती हो! सुमन त्याच वेळेला बापासाठी चहा टाकायची.

"उंदीर असतील," मामा म्हणायचे, आणि त्याच दारापुढे मांडी घालून त्रिशरण म्हणत बसायचे.

"उंदरांसाठी?"

"मनाला बरं वाटतं, ताई."

शेवटी भाडेकरू खोल्या सोडायला निघाले. मग घरमालक तात्यांनी एका रविवारी भरदुपारी देवऋषी आणला. लिंबं, हळदकुंकू आणि मूठभर खिळे. चौकटीत खिळे ठोकले की जे आत आहे ते कायमचं आत बांधलं जाणार होतं.

मामा धावत आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"ओ मामा, तुमीच म्हणता ना भूत न्हाई?" तात्या वैतागले. "मग खिळं लाकडालाच लागतील की! सरका!"

बायका फिदीफिदी हसल्या. मामा मात्र दारापासून हलले नाहीत.

"नाहीच काही आत, तात्या. मला पक्कं ठाऊक आहे. पण माझंच चुकत असलं तर? पोर आहे हो माझी. तिला कोंडू नका."

कुणी हसलं नाही. तात्यांनी देवऋषीला हातानंच थांबवलं, कमरेची किल्ली काढली आणि मामांच्या हातावर ठेवली.

मामांनी कुलूप काढलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर जीव मुठीत धरून उभे. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, अगदी हळू, लहान पोराला थोपटताना बोलावं तसा.

"भिऊ नको गं सुमे. गेले ते लोक."