टँकरचा पाइप आणि मोगरा क्वीन

"आज तुमचा घोडा आला नाही, तर उद्या ही सगळी रद्दी भंगारवाल्याला," असं विमलाबाईंनी रविवारी चहाबरोबरच सांगून टाकलं. रद्दी म्हणजे दौलतरावांनी अकरा वर्षं जपलेली रेसची पुस्तकं. पलंगाखाली जागा संपली होती आणि गठ्ठे आता देवघराकडे सरकत होते. दौलतरावांनी चहाची बशी तोंडाला लावली. बोलणार काय, कपाळ? सहा महिन्यांत त्यांनी सांगितलेला एकही घोडा धड पळाला नव्हता.

दौलतराव खोपटच्या एसटी डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. रेसकोर्स त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, एक रुपया कधी लावला नव्हता. तरी दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या बिल्डिंगचा जीव रविवारच्या शेवटच्या रेसमध्ये अडकलेला असायचा. नळाला पाणी नाही, टँकर येतो पहाटे साडेपाचला. त्याचा पाइप टाकीत धरून कोणी उभं राहायचं यावरून हमरीतुमरी व्हायला लागली, तेव्हा सेक्रेटरी साईनाथने तोडगा काढला. रविवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येक घराने नोटीस बोर्डावर एकेक घोडा लिहायचा, एक घोडा एकाच घराला. ज्याचा सगळ्यांत मागे, त्याने आठवडाभर पाइप धरायचा. गुडघ्यांमुळे दौलतरावांना माफी होती. त्यांनी जाणकार म्हणून एका घोड्याची शिफारस बोर्डावर लावायची आणि संध्याकाळी सातला खाली येऊन रेसचा आढावा घ्यायचा, एवढंच काम.

आंघोळीला जाताना त्यांनी आतूनच सांगितलं, की चिठ्ठी कालच्या सदऱ्याच्या खिशात आहे, तेवढी खाली लाव. विमलाबाईंनी बादलीकडे पाहिलं. सदरा तासाभरापूर्वीच साबणात भिजला होता, आणि खिशातून निघाला तो कागदाचा लगदा. नवऱ्याला सांगावं, तर "चिठ्ठी तूच बुडवलीस" म्हणून रद्दी वाचवायला आयतं निमित्त मिळणार. बाई हुशार. त्यांनी पेपर उघडला, घोड्यांच्या यादीत मोगरा क्वीन हे नाव आवडलं, ते कागदावर लिहिलं आणि खाली जाऊन बोर्डाला टाचणी मारून आल्या.

संध्याकाळी दौलतरावांनी मोबाइलवर निकाल पाहिला. त्यांनी शनिवारचे तीन तास घालवून निवडलेला रॉयल फर्मान शेवटून पहिला आला होता. मोगरा क्वीन का कोण ती जिंकली, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. फार वाईट वाटलं त्यांना. उठून त्यांनी स्वतःच्या हातांनी गठ्ठ्यांना सुतळी बांधली. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी ड्युटी चुकवली नव्हती, मग आढावा तरी कसा चुकवणार? भिंत धरत धरत ते तीन जिने उतरले. मागोमाग विमलाबाईही मेथीची जुडी घेऊन खाली आल्या.

खाली पोचतात तोच दुसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरू विनिता पाया पडली. साईनाथच्याच सांगण्यावरून ती बिचारी दर रविवारी काकांचा घोडा घ्यायची आणि तीन आठवडे पाइप धरून उभी होती. आज सुटली, म्हणून तिने पेढे आणले होते. दौलतरावांना काही उमगेना. तेवढ्यात साईनाथ पुढे आला.

"काका, काय केलंत हे? सहा महिने तुमच्या घोड्याला हात नाही लावला, म्हणून पाइपपासून वाचलेलो मी. आणि आज नेमका तोच पहिला? तुम्ही रॉयल फर्मानचं नाव नाही दिलंत, म्हणून डोळे झाकून तो घेतला मी!"

दौलतरावांनी चष्मा वर करून बोर्ड पाहिला. त्यांच्या नावाखाली विमलाबाईंच्या अक्षरात मोगरा क्वीन. सहा महिने लोक आपल्याला का मानत होते हे त्यांना एका दमात कळलं आणि ते जिव्हारी लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर बसून मान खाली घालून मेथी निवडत होती, आणि तेच तेच पान चौथ्यांदा निवडत होती. सगळे आढाव्यासाठी थांबले होते.

दौलतरावांनी घसा साफ केला.

"घोडी स्वभावाने शांत आहे," ते म्हणाले, "सुरुवातीला मागे राहते, पण मोक्याच्या वेळी घर सांभाळून घेते. रॉयल फर्मान दिसायला रुबाबदार, पण अनुभव फुकट गेलेला प्राणी."

मेथी निवडणारा हात थांबला. वर गेल्यावर विमलाबाईंनी सुतळी सोडली आणि गठ्ठे परत पलंगाखाली लोटले. दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्याच्या खिशाला चिकटून राहिलेला चिठ्ठीचा लगदा दौलतरावांना दिसला, तेव्हा त्यांना सगळं उमगलं. सोमवारी पहाटे साईनाथ पाइप धरून उभा होता.

पुढच्या शनिवारी दौलतरावांनी नेहमीप्रमाणे तीन तास अभ्यास केला, एका घोड्याचं नाव लिहिलं, चिठ्ठीची नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग सदरा काढला आणि हळूच जाऊन साबणाच्या बादलीत बुडवून आले.