उद्याचा चहा

माळशेत गावात उद्याच्या चहाची चव आज दिवेलागणीलाच तोंडात येते. सकाळचा चहा मग नुसता गरम आणि तांबूस असतो. तरी तो कोणी चुकवत नाही. चव घेऊन झालेली असते, चहा प्यावाच लागतो.

दिवेलागणीला गल्लीतलं बोलणं थांबतं. माणसं ओट्यावर येऊन बसतात, जीभ टाळूला लावतात. जरा वेळाने कोणी खुशीत म्हणतं, "वेलदोडा!" पलीकडून कोणी हळहळतं, "आमचं दूध करपणार उद्या."

एखाद्याला चव येतच नाही. त्याला कुठे गावाला जायचं असतं, किंवा त्याचं पोट बिघडायचं असतं. कधीकधी यातलं काहीच नसतं.

त्या संध्याकाळी नलिनीबाई शेवडे नवऱ्याशेजारी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना चव आली ती गवती चहाची. साखर भरपूर. त्या जरा चक्रावल्या. मुकुंदरावांना गवती चहाचा वास सोसत नसे, म्हणून लग्नापासून तो त्यांच्या पातेल्यात कधी पडला नव्हता.

"तुम्हाला काय लागलं हो?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"खरंच आल्याची चव आली?"

"आल्याची. नेहमीसारखी." मुकुंदराव रस्त्याकडे बघत होते.

"आपलं पातेलं एकच असतं," नलिनीबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "काहीच लागलं नाही गं," ते म्हणाले. "मघापासून वाट बघतोय."

"उद्या चतुर्थी आहे का?"

"चतुर्थीला तरी मी चहा कुठे सोडतो?"

"पोट?"

"पोट उत्तम आहे."

समोरच्या ओट्यावरची माणसं एकेक करून आत गेली. नलिनीबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. तो चांगला ऊबदार होता. नखं वाढली होती. आपण उद्या गवती चहा का करू, याचा त्या विचार करत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तो करणार नाही. ती साखर घालणारा हात त्यांचा नव्हताच. एवढी साखर आळीत एकच बाई घालते.

तेवढ्यात शेजारच्या लोंढेवहिनी फाटक उघडून आल्या. डोक्यावरून पदर घेतलेला. ओट्याखालीच उभ्या राहिल्या.

"मला घरच्यापेक्षा मोठ्या पातेल्याची चव लागली," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, विचारून यावं. साखर किती घेता तुम्ही?"

"अर्धा चमचा. तुम्ही फार घातलीत."

"अगंबाई! आता कमीही करता येणार नाही. लागून गेली ना." लोंढेवहिनींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं. "भाऊजी, कोणाला कळवायचं असेल तर आमचे हे जातील सायकलवरून."

"सकाळी जाऊ दे त्यांना," मुकुंदराव म्हणाले. "आता जेवायची वेळ झाली."

"बरं. माणसं बरीच येणार आहेत. कप आमच्याकडचे आणते." लोंढेवहिनी फाटक ओढून घेऊन गेल्या.

नलिनीबाई उठल्या, आत गेल्या आणि गॅस पेटवला. माळशेतमध्ये संध्याकाळी चहा कोणी करत नाही. मुकुंदराव दारात येऊन उभे राहिले.

"अगं, याची काल चव आली नव्हती."

"माहीत आहे."

त्यांनी आलं किसलं, पावडर टाकली, दूध सोडलं, उकळी वर येऊ दिली, खाली बसवली, पुन्हा येऊ दिली. रंग धरेपर्यंत पातेल्यावरून नजर हलवली नाही. मग कपबशी मुकुंदरावांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी बशीत ओतून फुंकर घातली. घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"काही लागतं का?" नलिनीबाईंनी विचारलं.

"नाही."

"गरम आहे?"

"गरम आहे," मुकुंदराव म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला. "आणखी आहे का?"

नलिनीबाईंनी पातेलं तिरकं केलं.