वॉल्टरचा दुसरा डोळा

"एवढं गुंडाळून काय आणलंयस रे?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"वॉल्टर," निमिष म्हणाला आणि पांढऱ्या कागदातली ती लांबलचक घडी त्याने अलगद जेवणाच्या टेबलावर ठेवली. "म्युझियम उद्या बंद असतं, म्हणून तिथल्या डोरथीने आजच माझ्या ताब्यात दिला. आई, प्लीज हात लावू नकोस. ग्लव्ह्जशिवाय कोणी टच करत नाही त्याला."

वॉल्टर म्हणजे ॲल्डरफोर्ड युनिव्हर्सिटीचा गूस. मराठीत त्याला हंस म्हणावं तर फारच शोभिवंत वाटतं, आणि बदक म्हणावं तर तिथले विद्यार्थी अंगावर येतील. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणा हौशी बाईने निळ्या लोकरी निशाणावर तो शिवला होता. पुढे काढलेली मान, चिडकं तोंड आणि मिटलेला एक डोळा. त्या मिटलेल्या डोळ्यावर अख्खं गाव जीव ओवाळून टाकायचं. इथे डिग्री घेताना विद्यार्थी प्रेसिडेंटला डोळा मारतात आणि प्रेसिडेंट उलट मारतो. मॅच जिंकली की बस ड्रायव्हरसुद्धा डोळा मारतो. निमिष शिकायला आला त्या हिवाळ्यात बसस्टॉपवर एका आजीबाईंनी त्याला डोळा मारला होता, तेव्हा तो बिचारा घाबरून बर्फातून पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेला होता.

आता त्याच वॉल्टरला निरोप द्यायचं ठरलं होतं. मोबाइलच्या इवल्याशा चौकोनात तो ठिपक्यासारखा दिसतो, अशी वरच्या मंडळींची तक्रार होती. नवा लोगो काढायचं काम आलं ते युनिव्हर्सिटीच्याच प्रसिद्धी विभागात डिझायनर असलेल्या निमिष खांबेटेकडे. अकरा महिने आणि सत्तेचाळीस कच्चे आराखडे एवढं खपून त्याने तीन तिरप्या रेघा काढल्या होत्या. उद्याच्या निरोप सोहळ्यात लोकांनी त्या स्वीकारल्या की तो सीनियर डिझायनर होणार होता. पण बढतीपेक्षाही, आपण काढलेलं काहीतरी या गावाने आपलं म्हणावं, एवढीच त्याची खरी इच्छा होती.

सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला त्याने मोठ्या अभिमानाने लोगो दाखवला, तेव्हा तिने चष्मा वर-खाली करून पाहिला होता.

"पट्टीने ओढल्यास ना? सरळ आल्यात."

"आई, ते उड्डाण आहे."

"असेल. मला आपलं भिंतीला फर्निचर घासल्यासारखं वाटलं."

ते बोलणं त्याला लागलं होतं, पण दाखवलं नव्हतं. दुपारी तो सोहळ्याच्या रंगीत तालमीला निघून गेला. बायको आश्लेषा वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, आणि खाली टेबलापाशी पद्मिनीबाई आणि वॉल्टर असे दोघंच उरले.

पद्मिनीबाईंनी सांगलीत एकतीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला होता. अशा बाईसमोर फाटकं कापड ठेवून 'हात लावू नकोस' म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. त्यांनी आधी नुसतंच उघडून पाहिलं. पंखाची कड उसवलेली, चोचीपाशी कसर लागलेली. निरोपाला निघालेल्याला असं पाठवायचं? आपल्याकडे लेकीला वाटे लावताना फाटकं नेसवत नाहीत. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पुसले आणि शिवणाचा डबा काढला.

संध्याकाळी निमिष घरी आला तेव्हा पंख नीट बसला होता, चोचीवर रफू झालं होतं आणि वॉल्टर दोन्ही डोळे टक्क उघडून त्याच्याकडे बघत होता.

निमिष खुर्चीवर बसला. मग उठला. मग परत बसला.

"आई, याला दुसरा डोळा कुठून आला?"

"मी भरला. साखळी टाका घातलाय. अरे, झालं काय की तिथे—"

"ऐकायचं नाहीये मला. उसव तो. आत्ताच्या आत्ता."

पद्मिनीबाईंनी कात्री घेतली, कापड उजेडात धरलं आणि कात्री खाली ठेवली. "उसवता नाही यायचं. खालचं कापड पार विरलंय, माझ्या टाक्यांवरच तगून आहे. दोरा काढला तर डोळ्याच्या जागी भोक पडेल."

"नको मग," खाली आलेली आश्लेषा म्हणाली. "दोन डोळे एकवेळ एक्स्प्लेन करता येतील. भोक कसं करणार?"

तेवढ्यात फोन वाजला. डोरथी. गेली चाळीस वर्षं ती म्युझियम सांभाळत होती आणि लग्न न केलेल्या त्या बाईचं घरचं माणूस म्हणाल तर वॉल्टरच होता.

"कसा आहे तो?" तिने कातर आवाजात विचारलं.

"विश्रांती घेतोय," निमिष वॉल्टरची नजर चुकवत म्हणाला.

"एक डोळा उघडा ठेवूनच झोपतो तो," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. निमिषला खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

"उंच टांग ना," आश्लेषाने तोडगा काढला. "लांबून कुणाला कळणार आहे?"

निमिषने सकाळी लवकर जाऊन निशाण पार छताजवळ टांगून घेतलं. पण इतक्या उंचावरचं मागच्यांना दिसणार नाही, असं कार्यक्रमवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच कॅमेरा लावला आणि ऐन सोहळ्यात, तीन हजार माणसांसमोर, भल्यामोठ्या पडद्यावर वॉल्टरचं नुसतं तोंड आलं. उजवा डोळा आणि डावा डोळा, दोन्ही.

डोरथीने छातीवर हात ठेवला. प्रेसिडेंट माइकपाशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "हे कोणी केलं?"

तीन रेघांचं आता काय होणार, हे निमिषला दिसत होतं. पण शेजारी बसलेल्या आईचं नाव कसं घेणार? तो उभा राहिला. "माझ्या घरी झालं. जबाबदारी माझी आहे."

त्याचं इंग्रजी पद्मिनीबाईंना कळलं नाही, पण पडलेला चेहरा कळला. त्या नऊवारीवर स्वेटर, पायांत स्नीकर्स अशा तडक स्टेजवर गेल्या. मागोमाग आश्लेषा धावली, भाषांतर करायला.

"याला काय विचारताय? मी केलंय," त्या म्हणाल्या. "आणि मनाचं नाही काही भरलेलं. डोळा होताच तिथे. दोरा कसरीने खाल्ला, पण सुईची भोकं आहेत अजून. ज्या बाईने शिवलं तिने दोन्ही डोळे केले होते. मी तिच्या भोकांतूनच सुई घातली, एकही नवं पाडलं नाही. मागून बघा."

निशाण खाली उतरवलं गेलं. डोरथीने ग्लव्ह्ज घातले, भिंग काढलं आणि मागची बाजू कितीतरी वेळ पाहिली. "चाळीस वर्षं मी याला समोरूनच बघत होते," ती म्हणाली. मग तिने ग्लव्ह्ज काढले आणि उघड्या हातांनी पद्मिनीबाईंचे हात धरले. निमिषने आईला आजवर हजारदा शिवताना पाहिलं होतं. तिच्या हातांत काय आहे ते त्याला आज दिसलं, आणि आपण काल तिचं ऐकूनही घेतलं नाही याची लाज वाटली.

टाळ्या थांबेनात. इतकी वर्षं आपण परंपरा म्हणून जो डोळा मारत आलो ती कसरीची करामत होती, हे कळूनही कुणाला राग आला नव्हता. उलट लोक हसत एकमेकांना डोळे मारत होते. प्रेसिडेंट हुशार होता. वाऱ्याची दिशा ओळखून त्याने माइक घेतला. "हात वर करून सांगा. वॉल्टर राहावा असं कुणाला वाटतं?"

तीन हजार हात वर गेले. त्यांत एक निमिषचाही होता. तो कधी वर गेला हे त्यालाही कळलं नाही.

"आणि नवा लोगो?"

सभागृहात एकच हात वर झाला. स्टेजवर, वॉल्टरच्या अगदी शेजारी, पद्मिनीबाई हात ताठ वर करून उभ्या होत्या.

"आई, अहो, हात खाली घ्या," आश्लेषा कुजबुजली. "हे त्या रेघांसाठी विचारतायत."

"कळतंय मला," पद्मिनीबाई म्हणाल्या. "माझ्या पोराने काढल्यात त्या."

आणि त्यांनी हात आणखी वर केला.