थोरलीला पाजलेला रस

मी एकदा ॲम्बॅसडर गाडीला उसाचा रस पाजला होता. चांगला चरवीभर. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागल्यामुळे आपल्याला अक्कल आली, अशी माझी समजूत होती. गाडी होती साताऱ्यातल्या आमच्या शेजारच्या अण्णांची. आणि अण्णांबद्दल सांगायचं तर रसापासूनच सुरुवात करावी लागते.

अण्णा मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एकामागून एक तीन जुन्या ॲम्बॅसडर घेतल्या आणि भाड्यानं फिरवायला लागले. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं. थोरलीच्या मीटरवरचे नऊ-नऊचे आकडे उलटून सगळी शून्यं आली, त्या दिवशी अण्णांनी गल्लीत घुगऱ्या वाटल्या. "पोरगी परत जन्माला आली!" म्हणाले. आमच्या आईनं खरंच बॉनेटला हळदीकुंकू लावलं. आई तशी कुणाचंही बारसं चुकवत नसे.

रोज सकाळी तिघींची तपासणी चाले. तेलाची पट्टी उपसायची, थेंब बोटावर चोळायचा, वास घ्यायचा. टायरवर बुक्की मारून कान लावायचा. "मधलीचा उजवा पाय आज मऊ लागतोय," असं ते चारचौघांत काळजीनं सांगायचे, तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं की घरात कुणीतरी आजारी आहे.

पण अण्णांचं खरं नाव झालं होतं ते वेगामुळे. मिलिटरीतल्या साहेबानं त्यांना बजावलं होतं, काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही. ते चाळीस मैलांचे होते. पुढं देशात किलोमीटर आले, गाड्यांना नवे मीटर बसले, पण अण्णांचे चाळीस ते चाळीसच राहिले. मीटरच्या काचेवर तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. काटा रेघेला टेकला की पाय वर. कुणी कुरकुरलं तर ठरलेलं उत्तर, "सावकाश हाय, पर हाय."

तर झालं असं, की मला सांगलीच्या एका शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. दुपारी दोनला. वडिलांनी सांगून टाकलं होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाहीतर फाल्गुनात लग्न. मुलगा बघून ठेवलेला होता. तो जेवताना मोजून चौतीस वेळा घास चावतो, अशी त्याची आई कौतुकानं सांगायची. मला काहीही करून नोकरी हवी होती. अण्णांची थोरली त्या दिवशी पाहुणे आणायला रिकामीच सांगलीला निघाली होती. वडील म्हणाले, "एसटीत धक्के खाण्यापेक्षा अण्णांबरोबर जा."

सकाळी सातला निघायचं, ते तिघींची तपासणी आटोपून साडेनऊला निघालो. सगळ्या एसट्या आम्हाला मागे टाकून गेल्या. उंब्रजजवळ वैरणीचा भारा घेतलेला एक सायकलवाला खिडकीशी आला आणि बराच वेळ आमच्याबरोबरच राहिला. अण्णा त्याच्याशी त्याच्या म्हशीच्या दुखण्यावर बोलत होते. तो गेल्यावर माझी पाळी. घरी काय म्हणतायत, आजीचा गुडघा कसा आहे, नवरा मुलगा कसा आहे. मी घासांचं सांगितलं, तर स्टिअरिंगवर थापा मारून हसले. "पोरी, तुजं जेवान उरकून भांडी घासून व्हायची, तरी ह्यो पयल्याच भाकरीवर!"

कासेगावच्या पुढं त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली. थोरलीला पाणी पाजायची वेळ झाली होती. तिला आधी निवू द्यायचं, मग पाजायचं. डबा घेऊन अण्णा विहिरीकडं गेले आणि तिथल्या मालकाशी बोलत उभे राहिले. मला इथून त्यांचे हातवारे दिसत होते. पाऊण तास झाला. सूर्य वर चढला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो चौतीस घासवाला.

रस्त्याच्या पलीकडं गुऱ्हाळ लागलं होतं. आमच्याकडं गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. गुळव्यानं विचारलं, "किती जनं हाय तुमी?"

"एकटीच आहे, पण लय तहानलीय," मी म्हणाले. थोरली एकटीच होती, तहानलेलीही होती; खोटं काहीच नव्हतं.

त्यानं चरवी भरून दिली. फडक्यानं झाकण उघडून मी ती रेडिएटरमध्ये ओतली. पातळ होतं, थंड होतं, आणखी काय पाहिजे? मग अण्णांना हाक मारली, "अण्णा, चला! पाणी घातलं मी!" अण्णांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला.

इस्लामपूर मागं पडलं आणि वास सुटला.

"इथं जवळ गुऱ्हाळ असेल," मी बाहेर बघत म्हणाले.

अण्णांनी नाक वर केलं. गाडी बाजूला घेतली. "गुऱ्हाळ बॉनेटाखाली हाय."

झाकणातून तपकिरी फेस उतू जात होता. थोरलीच्या नाकाडावरून पाक ओघळत होता.

"काय पाजलंस गं?"

"रस."

"उसाचा?"

मी मान हलवली. अण्णांनी पाकाचा थेंब बोटावर चोळला, वास घेतला. मग म्हणाले, "आलं-लिंबू तरी घातलंतंस का?"

मला रडू फुटलं. थोरलीसाठी नव्हे, खोटं कशाला सांगू. फाल्गुनासाठी. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या बाजारात निघालेला एक ट्रक करकचून थांबला.

"ह्या पोरीला दोनच्या आत सांगलीत टाक. नोकरीचं काम हाय," अण्णा ड्रायव्हरला म्हणाले. मग जरा थांबून, दुसरीकडं बघत, "दाबून हाण."

त्यानं हाणला. सांगलीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. औदुंबरचे दत्त, सांगलीचा गणपती, आमचं कुलदैवत, सगळ्यांना आळीपाळीनं हाका मारत होते. पोचले तेव्हा माझ्या साडीला गुळाचा वास आणि मागं दोन माश्या होत्या. नोकरी लागली, लगेच रुजूही झाले. माश्यांचं कुणी काही विचारलं नाही.

रविवारी साताऱ्याला आले ती आधी अण्णांच्या गॅरेजात गेले. मागं त्यांची राहायची खोली होती, तिला कुलूप. अण्णा थोरलीच्या बॉनेटवर खानावळीचा डबा उघडून उभ्यानंच जेवत होते. शेजारी गरम पाण्याच्या बादल्या. चार दिवस तिला धूत होते, अजून मुंग्या हटत नव्हत्या. मी माफी मागितली. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मुलाखतीत काय काय झालं ते सगळं, पहिल्यापासून, सांगायला लावलं.

माझी भीड चेपली. म्हणाले, "अण्णा, तो ट्रक काय पळाला म्हणून सांगू! तुम्ही पण थोरलीला एकदा साठावर नेऊन बघा की."

अण्णांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, "साठावर मानूस देवाशी बोलतंय, पोरी. चाळिसावर माझ्याशी बोलतंय."