घासून काढलेला ग्रह

‘‘आई, संध्याकाळी तारांगणवाले आपल्या घरी येऊन राहिले. किचन अन् मागची खोली पाहणार आहेत,’’ एवढंच सांगून गंधालीने शंकर नगरच्या छपाईच्या दुकानातून फोन ठेवला आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. पोरीने आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण छापलेल्या चित्रात आकाश जांभळ्याऐवजी वांग्याच्या भरतासारखं उमटत होतं, आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

गंधाली संगणकावर परग्रह बनवते. तेही असे हुबेहूब, की पाहणाऱ्याला वाटावं, कोणीतरी तिथे जाऊन फोटो काढून आलं. तिचे वडील नीलकंठराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते प्रत्येक नव्या ग्रहापुढे चष्मा सावरून उभे राहायचे आणि विचारायचे, ‘‘बेटा, इथं पाणी कुठून येते?’’ पाण्याचा बंदोबस्त कळल्याशिवाय त्यांना ग्रह पसंत पडत नसे.

शहरात नवं तारांगण उभं राहत होतं. त्याच्या दर्शनी भिंतीसाठी गंधालीचा ग्रह जवळजवळ ठरला होता. एवढी मोठी भिंत तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळणार होती. आणि नेमकं निवड समितीतल्या एकाने मोडता घातला. म्हणे, आजकाल मशीनला एक ओळ सांगितली की ती असलं चित्र आपोआप काढून देते, यात मुलीने काय केलं? गंधाली भडकली. म्हणाली, ‘‘यातली एकेक भेग माझ्या घरातली आहे. येऊन बघा!’’ समितीने लगेच होकार दिला. आजच येतो म्हणाली.

आता ही भेग घरातली म्हणजे कुठली, हे तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. ग्रहाची जमीन म्हणजे तिच्या आईने, विजयाबाईंनी, सिंकच्या मागे दडवलेल्या करपलेल्या पातेल्याचा तळ होता. बर्फाचे डोंगर म्हणजे मागच्या खोलीतली ओल आलेली, पोपडे सुटलेली भिंत. बाजूने टॉर्च मारायचा, अगदी जवळून फोटो काढायचा, मग कितीतरी दिवस बसून ते तुकडे जोडायचे आणि रंगवायचे. पण हे आईला सांगायचं कोणी? समता कॉलनीत विजयाबाईंच्या भांड्यांत तोंड पाहून भांग पाडावा, अशी त्यांची ख्याती. पातेलं करपलं ही बातमी बाहेर गेली असती, तर बाईंनी अन्नपाणी सोडलं असतं.

फोन ठेवल्यावर विजयाबाई विचारात पडल्या.

‘‘अहो, तारांगणवाल्यायले किचन काहून पाहायचं असन?’’

‘‘पाहत असतील. मोठे लोक आहेत.’’

‘‘मोठे लोक किचन पाहतात? किचन पाहायले फक्त सोयरीकवाले येतात जी!’’

नीलकंठरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगी लाजून सरळ बोलली नाही, एवढा अर्थ दोघांनीही लावला, आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते दिवाळीलाही होत नाही. विजयाबाईंनी सिंकच्या मागचं पातेलं ओढून काढलं. चिंच, राख, तारेची घासणी, सगळं वापरून ते असं घासलं की त्यात छताचा पंखा फिरताना दिसायला लागला. नीलकंठरावांनी मागच्या खोलीतले पोपडे खरवडले आणि माळ्यावरचा उरलेला पिस्ता रंग भिंतीला दोनदा फासला.

गंधाली घरी आली, तेव्हा घर रंगाने आणि फिनाईलने घमघमत होतं.

‘‘आई, सिंकच्या मागचं पातेलं कुठं आहे?’’

‘‘तुले कसं माहीत त्याचं?’’

‘‘कुठं आहे ते सांग ना!’’

विजयाबाईंनी अभिमानाने ते पुढे धरलं. गंधालीला त्यात स्वतःचाच रडवेला चेहरा दिसला.

‘‘आई, माझा ग्रह घासला तू!’’

‘‘काय घासलं?’’

ती मागच्या खोलीत धावली. नीलकंठराव स्टुलावर उभे होते. ‘‘पाह्य बेटा, भिंत कशी चकाचक झाली!’’ पिस्ता रंगाचा एक थेंब त्यांच्या नाकावर होता. एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आले ते देवीदाससाहेब आणि मंजिरी मॅडम. मोडता घालणारे हेच ते साहेब. त्यांच्या मागोमाग शेजारच्या रमाबाई हातात कपबशा घेऊन आत आल्या. ‘गाडी पाहिली, म्हटलं पाहुण्यांना कप कमी पडतील,’ हे त्यांचं निमित्त. विजयाबाईंच्या घरात एखादी तरी खोट सापडावी म्हणून ही बाई कित्येक वर्षं झुरत होती.

विजयाबाईंनी त्याच लखलखीत पातेल्यात चहाचं थोडं दूध मंद गॅसवर ठेवलं आणि पदर सावरत बाहेर येऊन बसल्या.

‘‘मुलगा काय करते जी आपला?’’

‘‘माझा?’’ देवीदाससाहेब गोंधळले. ‘‘भिलाईले असते.’’

‘‘वा वा, जवळच आहे!’’

‘‘आई, प्लीज!’’ गंधाली ओरडली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. फक्त पातेलं कोणाचं, कोणी करपवलं, ते गिळलं. लॅपटॉप उघडून फोटोही दाखवले.

साहेबांनी मान हलवली. ‘‘फोटो बी मशीन बनवते आजकाल. वस्तू दाखवा.’’

‘‘सकाळपर्यंत होत्या.’’

‘‘अन् आज नेमक्या नाहीत. छान.’’ साहेब उठायला लागले.

गंधालीने लॅपटॉप मिटला. तो मिटलेला लॅपटॉप पाहून विजयाबाईंना सगळं उमगलं. पोरीची तारांगणातली भिंत गेली, आणि ती आपण घालवली. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा रमाबाईंकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

‘‘साहेब, बसा. पोट्टी खोटं नाही बोलून राहिली. पातेलं मीच करपवलं होतं. शरमेनं लपवलं अन् आज घासलं. कोणती बाई शेजारणीसमोर असं खोटं सांगन, सांगा बरं?’’

रमाबाईंच्या हातातल्या कपबशा वाजल्या. मंजिरी मॅडम काही बोलणार होत्या, पण त्या मध्येच थांबल्या आणि नाक वर करून हुंगायला लागल्या.

‘‘काही जळतंय का?’’

‘‘व माय, दूध!’’

सगळे स्वयंपाकघरात धावले. विजयाबाईंचा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला.

‘‘आई, हात लावू नको!’’

उभ्या जन्मात न केलेली गोष्ट विजयाबाईंनी केली. आपला एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून त्या डोळ्यांदेखत दूध करपू देत राहिल्या. ‘‘झालं का व? आणखी किती?’’ असं मधूनमधून कळवळून विचारत होत्या. अखेर गंधालीने गॅस बंद केला. पातेलं निवल्यावर ओट्यावर आडवं ठेवलं, दिवा मालवला आणि टॉर्च देवीदाससाहेबांच्या हातात दिला.

‘‘सर, खालून धरा. आणखी खाली.’’

साहेब गुडघ्यावर बसले. तिने फोटो काढला, तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडून घाईघाईने कच्चा नमुना रंगवायला घेतला. काळ्याचं तांबूस झालं, सायीचा सुरकुतलेला तुकडा दरीच्या कडेला बसला, वर आकाश आलं. स्वयंपाकघरात जळका वास होता, आणि पडद्यावर एक निर्मनुष्य मैदान लांबवर पसरलेलं होतं. देवीदाससाहेब टॉर्च तसाच धरून पुढे वाकले.

‘‘इथं पाणी असन काय?’’

‘‘हेच तर मी नेहमी विचारून राहिलो!’’ नीलकंठराव आनंदाने म्हणाले.

भिंत गंधालीला मिळाली.

तारांगणाच्या उद्घाटनाला अख्खी कॉलनी लोटली. विजयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून चित्रापासून जरा लांबच उभ्या होत्या. रमाबाईंनी एव्हाना पातेल्याची गोष्ट घरोघर पोहोचवली असणार, याची त्यांना खात्रीच होती. रमाबाई मात्र त्या प्रचंड ग्रहापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इकडेतिकडे पाहत हळूच जवळ आल्या.

‘‘विजयाताई, कोणाले सांगू नका. माझ्याकडं बी एक आहे. कढई. माळ्यावर ठेवली.’’

विजयाबाईंनी त्यांचा दंड धरून बाजूला नेलं.

‘‘घासली तर नाही ना?’’

‘‘नाही व.’’

‘‘मग बिलकुल घासू नको. उद्या दुपारी घरी घेऊन ये. झाकून आण.’’