बदकाचा सत्कार

निरोप समारंभाला नाही म्हणताना सुजीतने खरं कारण सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

"शनिवारी जमणार नाही, वहिनी. बदक बघायला जायचंय."

सुचित्रावहिनी शारजातल्या मराठी मंडळाच्या सचिव. कायमचा परत निघालेला माणूस शाल-श्रीफळाशिवाय विमानात चढला, असं त्यांच्या कारकिर्दीत घडलं नव्हतं. "कुठेय बदक?" त्यांनी विचारलं. सुजीत मुळात सरळ माणूस. त्याने लोकेशन पाठवलं.

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या कंपनीने त्याला गेल्या महिन्यात काढलं होतं. बारा वर्षांत त्याने लिहिलेले प्रोग्राम कंपनीच्या नावावर, घर मालकाच्या, व्हिसासुद्धा कंपनीचाच. या देशात स्वतःच्या नावावर काही राहायचं, तर एकच जागा उरली होती: पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपची वार्षिक यादी. गेल्या आठवड्यात, वाळवंटात पाइपाने पाणी आणून केलेल्या एका तळ्यावर, त्याला लांबून बैकल बदक ओझरतं दिसलं होतं. पिवळ्या-हिरव्या तोंडाचं, थेट सायबेरियाचं. ग्रुपातल्या कुणीच ते इथे पाहिलं नव्हतं. एक स्पष्ट फोटो मिळाला की छापून येणार होतं: 'प्रथम पाहिले – सुजीत टिपणीस'.

"लोक जाताना सोनं नेतात," त्याची बायको शुभ्रा खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली. "आमच्याकडे बदक."

शनिवारी सकाळी सुजीत कॅमेरा घेऊन लव्हाळ्यात पालथा पडला. शुभ्रा आणि नऊ वर्षांची अवनी मागे बसल्या. बदक आलं. अगदी तेच! पण पाठमोरं.

"वळ ना, राजा," सुजीत पुटपुटला.

तेवढ्यात मागे गाड्यांची रांग लागली. आधी सतरंज्या उतरल्या, मग डबे, मग 'सुजीतजींना भावपूर्ण निरोप' असा बॅनर, आणि शेवटी स्पीकर.

"वहिनी, इथे हळू बोलावं लागतं!"

"हळूच बोलणार आहोत हो. म्हणून तर माइक आणलाय."

त्याला उभं करून त्यांनी खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ दिलं.

"कंपनीने नारळ दिला होताच," शुभ्रा म्हणाली. "आता जोडी झाली."

टाळ्या पडल्या आणि तळ्यावरची सगळी बदकं उडाली. एक सोडून. बैकल बदक वळलं, टाळ्यांच्या दिशेने पोहत आलं, काठावर चढलं आणि सतरंजीवर येऊन उभं राहिलं. वहिनींनी साबुदाणा वडा मोडून पुढे केला. त्याने तळहातावरून खाल्ला आणि दुसऱ्याची वाट बघत तिथेच बसलं.

"काढा फोटो! किती जवळून मिळतोय!"

सुजीतने बदकाच्या पायातलं पिवळं कडं पाहिलं. "खलास," तो म्हणाला.

"काय झालं?"

"हे आलेलं नाहीये, वहिनी. आणलेलं आहे. पाळीव. असलं यादीत धरत नाहीत."

"अहो, मग आपल्याला तरी कोण धरतं?" वहिनी म्हणाल्या आणि दुसरा वडा मोडला.

एवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. श्रीवर्धनचा रफिक उतरला. तो पलीकडच्या एका फार्मवर पक्षी सांभाळायचा. "सापडला एकदाचा! भाऊ, जरा द्या ती," म्हणत त्याने सुजीतच्या खांद्यावरची शाल ओढली आणि बदकाला गुंडाळलं. "दर थंडीत पळतो हा. मालकांचा लय जीव याच्यावर. आठवडाभर धड जेवले नाहीत."

सुजीतला काढलं त्या दुपारी त्याच्या साहेबांनी बिर्याणी मागवली होती. रायता जास्तीचा.

"शाल?" वहिनींनी विचारलं.

"धुऊन पाठवतो, इन्शाल्ला."

इन्शाल्ला म्हटल्यावर शालीची आशा सुटली. बदक पुढच्या सीटवर, जरीचे काठ गळ्याशी घेऊन, एसीत बसलं. सवयीने सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पिकअप धुळीत दिसेनाशी झाली.

"बाबा, इट कॅन फ्लाय, राइट?" अवनीने विचारलं.

"येतं की उडता."

"देन व्हाय डझन्ट इट जस्ट गो होम?"

सुजीतने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"जेवण वेळेवर मिळतं," तो म्हणाला.